दही लागतं, तिथं इंग्रजी ‘सेट’ होतं
इंग्रजी क्रियापदांच्या वाटेनं : भाग ७

जानेवारी सरत आला की जालना, अंबड, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागांत एकमेकांना विचारलं जातं, “काय, सेटिंग कशी आहे यंदा?” बागेचा ताण तोडून पाणी सुरू केलेलं असतं, आंबे बहार फुटलेला असतो, आणि फुलं किती गळतात, फळ किती धरतं यावर पुढच्या वर्षाचा हिशोब असतो. विचारणाऱ्याला इंग्रजी येत असेलच असं नाही, पण शब्द त्यानं चोख वापरलेला असतो. फुलाचं फळ होऊन ते झाडावर टिकलं, की इंग्रजीत ‘द फ्रूट हॅज सेट’.

त्याच घरातलं सहावीतलं पोरगं मात्र वहीत ‘सेट म्हणजे ठेवणे’ असं पाठ करतं आणि ‘द सन सेट’ या वाक्यापाशी अडतं. सूर्य ठेवला? कुणी ठेवला? पोराची यात चूक नाही. एका शब्दापुढं बरोबरचं चिन्ह नि त्यापुढं एकच मराठी शब्द, ही गाईडातली यादीच मुळात लबाड आहे. आपल्याकडं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. यादी मात्र तीच राहिली.

‘सेट’ हा काही साधा शब्द नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची 20 खंडांची आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. पुढं नव्या आवृत्तीचं काम करताना संपादकांना ‘रन’ या एका क्रियापदाचेच 645 अर्थ सापडले आणि सेटचा पहिला नंबर गेला. एवढे अर्थ इंग्रज माणूसही पाठ करत नाही. मग तो ते वापरतो कसे?

जुन्या इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणं आणि त्यावरून झालेलं ‘सेट’ म्हणजे बसवणं. आपल्या व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. मराठीत असं क्रियापद आपण बोलता बोलता करतो: बसणे-बसवणे, पडणे-पाडणे. इंग्रजीत या जोड्या मोजक्याच उरल्या आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणं, ‘फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणं. पडणे-पाडणे जशीच्या तशी. (त्या ‘सिट’चं मूळ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकच. संसद आणि परिषद म्हणजे मुळात बसण्याच्याच जागा. तिथं पुढं काय होतं तो या लेखमालेचा विषय नाही.)

म्हणून ‘ठेवणे’ पुसा आणि ‘बसवणे’ लिहा. डॉक्टर मोडलेलं हाड सेट करतो, म्हणजे बसवतो. सोनार अंगठीत खडा सेट करतो, तोही बसवतोच. सूर्यसुद्धा दिवसभर फिरून खाली बसतो असं समजा, की ‘द सन सेट’ सुटलं.

पण अर्धाच पल्ला झाला. उरलेल्या वाटेवर आपल्याला दुसरं क्रियापद भेटतं: लागणे, आणि त्याचं प्रयोजक लावणे. दही सेट होतं, आपलं लागतं. गजर सेट करतात, आपण लावतो. ‘सेट फायर’ म्हणजे आग लावणं, ‘सेट अ ट्रॅप’ म्हणजे सापळा लावणं. ‘सेट टु वर्क’ म्हणजे कामाला लागणं, ‘सेट आउट’ म्हणजे वाटेला लागणं. झाडाला फळ लागतं तेही इथंच आलं. आता ‘लागणे’ एखाद्या इंग्रजाला शिकवून पाहा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घराला कुलूप लागतं, निकाल लागतो आणि पोराचा नाद लागतो. तो डोकं धरून बसेल. आपल्याला मात्र कधी गोंधळ झाला नाही, कारण आपण ‘लागणे’ एकटं शिकलोच नाही. भुकेसोबत, ठेचेसोबत शिकलो. सेटही तसंच शिकायचं, सोबतच्या नामासकट.

सगळीकडं लाग-लाव चालेल असं मात्र नाही. ‘सेट अ पेपर’ला आपण पेपर काढणं म्हणतो, ‘सेट द टेबल’ला पानं मांडणं. आणि सिमेंट? स्लॅब टाकल्यावर मिस्त्री थेट ‘सेट व्हायला वेळ द्या’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. भारतीय मानकाप्रमाणे साधं पोर्टलंड सिमेंट कालवल्यापासून 30 मिनिटांच्या आत आवळायला लागता कामा नये आणि 600 मिनिटांच्या आत पूर्ण आवळलेलं असावं. या दोन्ही वेळांना शास्त्रात ‘सेटिंग टाइम’ म्हणतात. अशा ठिकाणी ओढूनताणून मराठी शब्द शोधू नये, मिस्त्रीचं ऐकावं.

परीक्षेपुरती एक गोष्ट. सेटची तिन्ही रूपं एकच, ‘सेटेड’ असं रूप नाही. त्यामुळं ‘शी सेट द अलार्म’ म्हणजे तिनं गजर लावला, झालेली गोष्ट. ती रोज लावत असेल तर ‘सेट्स’. एका ‘स’वर काळ बदलतो आणि गुणही जातो.

पुढच्या रविवारी ‘टेक’. तोवर चहा घेणं, सुट्टी घेणं, मनावर घेणं आणि फोटो काढणं ही चार वाक्यं इंग्रजीत करून ठेवा. चारांतल्या तीन ठिकाणी ‘घेणे’ आहे, आणि ‘टेक’ नेमकं चौथ्यालाही चालतं.