तप्त श्वेतबटू आणि अग्निबाणावरील अतिनील वर्णपटलेखक

प्रस्तावना
सूर्यासारख्या ताऱ्याचे केंद्रकीय इंधन संपल्यावर उरणारा अतिघन गाभा म्हणजे श्वेतबटू होय. त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण इतके प्रबळ असते की जड मूलद्रव्ये खाली बसून वर केवळ हायड्रोजन उरणे अपेक्षित असते. सारथी तारकासमूहातील 'जी १९१-बी२बी' या ५०,००० केल्विनहून अधिक तापमानाच्या श्वेतबटूचा दृश्य वर्णपट या अपेक्षेशी जुळतो. अतिनील वर्णपटात मात्र लोह, निकेल यांच्या रेषा आढळतात. ताऱ्याचे तीव्र प्रारण या मूलद्रव्यांना वर तोलून धरते. हेलियमला असा आधार पुरेसा मिळत नाही. म्हणून वातावरणात हेलियम आहे की नाही, हा प्रश्न या उपपत्तीची कसोटी ठरतो.

निरीक्षणातील अडचण
आयनीभूत हेलियमच्या शोषणरेषा २२८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या दिशेने दाटत जातात. या तरंगलांबीचे किरण पृथ्वीचे वातावरण पूर्णतः शोषून घेते. नासाच्या 'एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर' या उपग्रहाने १९९२ ते २००१ या काळात या पट्ट्याचा अभ्यास केला. परंतु त्याच्या मर्यादित विभेदनक्षमतेमुळे हेलियमच्या रेषा लोह-निकेलच्या असंख्य रेषांपासून वेगळ्या करता आल्या नाहीत.

अग्निबाणाचा प्रयोग
फेब्रुवारी २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून 'जे-पेक्स' हा वर्णपटलेखक अग्निबाणाद्वारे सोडण्यात आला. त्यातील विवर्तन जालकांवर बहुस्तरीय लेप होता. असा लेप जवळजवळ लंब दिशेने पडणारे अतिनील किरणही परावर्तित करतो. मात्र केवळ अरुंद पट्ट्यातच. म्हणून २२० ते २४५ अँगस्ट्रॉम एवढाच भाग निवडण्यात आला. निरीक्षणास सुमारे पाच मिनिटेच मिळाली. तथापि विभेदनक्षमता उपग्रहाच्या सुमारे दहापट होती.

निष्कर्ष
या वर्णपटात आयनीभूत हेलियम स्पष्टपणे आढळले. ते सर्व आंतरतारकीय मानल्यास तेथील हेलियमचे आयनीभवन नेहमीपेक्षा बरेच अधिक मानावे लागते. त्यामुळे काही वायू ताऱ्याभोवतीचा असण्याची शक्यता उरते. ताऱ्याच्या वातावरणातही अल्प हेलियम असल्याचे संकेत मिळाले. ते समप्रमाणात मिसळलेले आहे की मंद वस्तुमान-ऱ्हासामुळे स्तरांत विभागलेले आहे, याचा निर्णय मात्र झाला नाही. दोन्ही प्रतिकृती निरीक्षणाशी जुळतात. निरीक्षणाचा कालावधी वाढवून न सुटणारा प्रश्न विभेदनक्षमता वाढवून पुढे नेता येतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.