फीत कापू नका, आकडे सांगा!

जिल्ह्याला मोठे रुग्णालय मागायचे, मंत्र्याने फीत कापायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या, ही सवय आता मोडली पाहिजे. यकृत प्रत्यारोपणाच्या बाबतीत ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत एका बालकावर भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. पुढे मुंबई, पुणे, नागपुरात केंद्रे उभी राहिली. धडगाव, अक्कलकुव्याच्या आदिवासींसाठी ती दूरच राहिली. तेव्हा 'आमच्याही जिल्ह्यात केंद्र द्या' असे कुणाला वाटले तर नवल नाही. पण आम्ही म्हणतो, थोडे थांबा!

अमेरिकेतील केंद्रांचा एक अभ्यास 1999 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला 20 किंवा त्याहून कमी प्रत्यारोपणे करणाऱ्या केंद्रांत वर्षभरात शंभरातले सुमारे 26 रुग्ण दगावले. त्याहून जास्त करणाऱ्या केंद्रांत 20. शंभरामागे सहा जीवांचा फरक! कारण हे एकट्या सर्जनचे काम नाही. भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभागातील परिचारिका या साऱ्यांचा हात सतत चालता लागतो. अर्थात संख्या म्हणजे सर्वस्व नव्हे. काही छोट्या केंद्रांचे निकालही चांगले होते. म्हणूनच प्रत्येक केंद्राचे निकाल लोकांपुढे ठेवा, असे त्या अभ्यासकांनी बजावले.

आमच्याकडे 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. नोंदणीशिवाय कोणत्याही रुग्णालयाला प्रत्यारोपण करता येत नाही. आपण किती प्रत्यारोपणे केली हे रुग्णालयाने संकेतस्थळावर द्यावे, असे 2008 च्या नियमांनी सांगितले. पण 'किती केली' एवढ्यावर रुग्णाने काय ठरवायचे? वर्षाने किती जगले, पाच वर्षांनी किती जगले, हे कोण सांगणार?

'तुम्हीच केंद्र नको म्हणालात' असे म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. निधी नाही या सबबीवर जीव वाचवण्याचे कर्तव्य टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात बजावले आहे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक केंद्राचे जगण्या-मरण्याचे आकडे मराठीत जाहीर करा. अनुभवी केंद्रात गरीब रुग्णाचा आणि दात्याचा उपचार, प्रवास, मुक्काम शासनाने करावा. नंदुरबारला रेल्वेने मुंबईपेक्षा सुरत जवळ. मृत दात्याच्या अवयवासाठी गुजरातचे अधिवास प्रमाणपत्र मागण्याची अट गुजरात उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली, हे रुग्णाला कुणीतरी सांगितले पाहिजे. आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वेळेवर निदान, शस्त्रक्रियेनंतरच्या रक्त तपासण्या, जन्मभर लागणारी औषधे मोफत मिळालीच पाहिजेत. कावीळ 'ब'ची लस सातपुड्यातल्या प्रत्येक बाळापर्यंत पोहोचली पाहिजे.

कार्यकर्त्यांनो, माहितीचा अधिकार 2005 पासून तुमच्या हातात आहे. राज्याच्या आरोग्य खात्याला अर्ज करा आणि विचारा: कोणत्या केंद्रात किती प्रत्यारोपणे झाली आणि त्यातले किती रुग्ण आज जिवंत आहेत?