यंत्रांचे सुवार्तिक



हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या एकाद्या कंपनींत नोकरीस लागते. पगार चांगला असतो. परंतु हुद्द्याचें नांव ऐकून वडील मंडळी बुचकळ्यांत पडतात. कोणी ‘इव्हँजेलिस्ट’ असतो, कोणी ‘कम्युनिटी बिल्डर’. हा मनुष्य माल तयार करीत नाहीं, दुकानांत बसून तो विकीत नाहीं, हिशेबही ठेवीत नाहीं. तो शहरोशहरीं हिंडतो, सभा भरवितो, लोकांच्या शंका ऐकतो, आणि त्याबद्दल वेतन घेतो. सोयरीक जुळवितांना समोरच्यांनीं ‘मुलगा करतो काय?’ असें विचारलें म्हणजे आईबापांना उत्तर सुचत नाहीं. आज तें उत्तर शोधण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘इव्हँजेलिस्ट’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘शुभवर्तमान सांगणारा’ असा आहे. आमच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यास हा अर्थ परका नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें कार्य नगरास १८३१ सालीं सुरू झालें. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ सालीं तेथेंच निघालें. अशा प्रचारकास मराठींत सुवार्तिक म्हणतात. धर्मकार्यांतील हा शब्द यंत्रांच्या व्यापारांत रूढ झाला तो अमेरिकेंतील अ‍ॅपल कंपनीमुळें. तिनें १९८४ सालीं ‘मॅकिंटॉश’ हा संगणक बाजारांत आणला. तेव्हां एक पेंच उभा होता. उपयोगी प्रोग्रॅम असल्याशिवाय यंत्र कोणी विकत घेणार नाहीं. आणि यंत्र पुष्कळांनीं घेतल्याशिवाय त्यासाठीं कोणी प्रोग्रॅम लिहिणार नाहीं. हा पेंच सोडविण्यासाठीं माइक बॉइच, गाय कावासाकी इत्यादि मंडळींवर प्रोग्रॅम लिहिणारांना भेटून त्यांचें मन वळविण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांनाच इव्हँजेलिस्ट म्हणूं लागले.

नांव नवें असलें तरी काम मात्र महाराष्ट्रांत त्यापूर्वीं किती तरी वर्षें होऊन गेलें होतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लांकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर कापून उलथी करितो, त्यामुळें हरळी व कुंदा यांच्या मुळ्या वर येऊन उन्हांत वाळतात. गुण उघड होता. तरीही शेतकरी नांगर घेईनात. कारण लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. ही समजूत केवळ अडाणीपणाची म्हणून हंसण्यावारी नेणें योग्य नाहीं. ज्याचें सारें वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे, त्यानें अनोळखी अवजारास भिणें हा शहाणपणाचाच भाग होय. चुकीचा दंड त्याला भोगावा लागतो, कारखानदाराला नव्हे. अशा माणसाचा विश्वास किंमत उतरवून मिळत नाहीं. तो स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतांत नांगर चाललेला पाहिल्यावरच मिळतो.

पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत, आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसली. तेथें लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनीं जाहिरातीचें काम अंगावर घेतलें आणि १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र सुरू केलें. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोंचविणें हा त्याचा आरंभींचा हेतु. परंतु नुसत्या नांगराच्या स्तुतीनें भरलेलें पत्र कोणी किती दिवस वाचील? हळूहळू त्यांत सामाजिक व वैचारिक लेखन येऊं लागलें. पुढें तें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें, आणि त्याच संस्थेंतून १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं. नांगराभोंवतीं जमलेले लोक वाचकवर्ग झाले. समाज बांधणें म्हणतात तें हेंच.

यावरून या नोकरींतील कामें चार आहेत, असें म्हणतां येईल. पहिलें, नवी वस्तु प्रत्यक्ष चालवून शिकविणें. दुसरें, वापरणाराच्या तक्रारी कारखान्यांतील कारागिरांपर्यंत जशाच्या तशा पोंचविणें. तिसरें, वापरणारांची एकमेकांशीं गांठ घालून देणें, म्हणजे एकाची अडचण दुसरा सोडवूं लागतो. आणि चौथें, वस्तूची मर्यादा स्वतःहून सांगणें. विक्रेता सौदा झाला कीं मोकळा होतो; हा मनुष्य मात्र त्याच लोकांत पुन्हां जाणार असतो. म्हणून खोटें बोलणें त्याला परवडत नाहीं.

तिसऱ्या कामाचें मोठें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस उभा राहिला. परंतु साखरेचे कारखाने खासगी होते, आणि शेतकऱ्याच्या हातीं गुळाच्या भावाची चिंताच उरे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचें शालेय शिक्षण अगदीं थोडें. तरी त्यांनीं १९२३ सालीं गांवीं सहकारी पतपेढी काढली. पुढें शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना हवा, ही कल्पना घेऊन ते गांवोगांव फिरले व भागभांडवल जमविलें. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशीं उभे राहिले व कारखान्याचे अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेचें गाळप सुरू झालें. यंत्र पैशानें आणतां येतें. पण त्याला रोज ऊंस पुरविण्यासाठीं शेंकडों लोकांनीं एकमेकांवर विसंबून राहावें लागतें, आणि तो विसंबा कोणी तरी दारोदार जाऊन बांधावा लागतो.

मात्र येथेंच एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. प्रवरेस ज्यानें पैसे घातले तो भागीदार झाला. संगणकाच्या कंपनीभोंवतीं जमणारे लोक बहुधा भागीदार नसतात. ते रात्र रात्र बसून परक्यांच्या शंकांचें निरसन करितात, दोष शोधून देतात, आपल्या भाषेंत भाषांतर करून देतात. आणि हें सर्व विनावेतन. त्यांना जमविणारा मात्र कंपनीचा पगारी नोकर असतो. उद्यां कंपनी दुसऱ्यानें विकत घेतली, तर या मेळ्याचें काय होणार?

याचें उत्तर २०१० सालीं मिळालें. ‘ओपनऑफिस’ हा लेखनादि कामांचा प्रोग्रॅम सन कंपनीच्या आश्रयानें वाढला होता. त्या वर्षीं सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यांत गेली. भवितव्याविषयीं साशंक झालेल्या स्वयंसेवकांनीं सप्टेंबरांत ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापिली आणि तोच प्रोग्रॅम ‘लिब्रेऑफिस’ या नांवानें पुढें चालविला. आज तो मराठींतही वापरतां येतो. हें शक्य झालें याचें कारण एकच: त्या प्रोग्रॅमचा परवाना मुक्त होता, तो घेऊन बदलण्याचा व वांटण्याचा हक्क सर्वांना होता. जेथें असा हक्क नसतो, तेथें लोकांच्या श्रमांचें फळ कंपनीच्या कुलपांत राहतें.

तेव्हां अशा नोकरीवर जाणाऱ्या तरुणास घरच्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ज्या वस्तूचा तूं प्रचार करणार, ती तूं स्वतः वापरतोस काय? लोकांची तक्रार वरिष्ठांस रुचली नाहीं, तरी ती तुला त्यांच्यापुढें मांडतां येईल काय? आणि लोक जें विनामूल्य देतील, त्यावर शेवटीं हक्क कोणाचा राहील? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर आईबापांनीं संकोच न बाळगतां सोयऱ्यांना सांगावें कीं, आमचा मुलगा नव्या यंत्रांची ओळख करून देतो आणि तीं वापरणाऱ्या माणसांचें गाऱ्हाणें कारखान्यांत पोंचवितो. हें काम प्रतिष्ठेचें आहे. उत्तरें असमाधानकारक असलीं, तर पगार कितीही मोठा असो, त्यानें दुसरी जागा पाहावी. कारण एकदां लोकांचा विश्वास गमावला कीं या धंद्यांत त्याच्याजवळ दुसरें कांहीं भांडवल उरत नाहीं.