व्यावसायिक यशानंतरची निर्मिती : फ्लीटवुड मॅकचा ‘टस्क’

प्रस्तावना :
असाधारण यश कलावंताला प्रतिष्ठा देते आणि त्याच्या पुढील निर्मितीवर अपेक्षांचे बंधनही घालते. यशामुळे प्रयोगाचे स्वातंत्र्य मिळते. परंतु त्या प्रयोगाचे मोजमाप पूर्वीच्याच यशाने केले जाते. हा अंतर्विरोध ‘फ्लीटवुड मॅक’ या रॉक बँडच्या १९७९ मधील ‘टस्क’ या अल्बमच्या आधारे प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

पार्श्वभूमी :
हा बँड १९६७ मध्ये लंडन येथे स्थापन झाला. आरंभी तो ब्लूज शैलीत वादन करीत असे. पुढे लिंडसे बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स हे अमेरिकन कलावंत सामील झाल्यावर त्याच्या संगीताला नवे वळण लाभले. १९७७ मध्ये ‘रुमर्स’ प्रकाशित झाला. बँडमधील दोन जोडप्यांच्या ताटातुटीची वेदना त्यात सुरेल रूपात व्यक्त झाली होती. अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत तो एकूण ३१ आठवडे अग्रस्थानी राहिला. १९७८ मध्ये त्यास वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

‘टस्क’चे स्वरूप :
‘रुमर्स’ची पुनरावृत्ती करण्यास बकिंगहॅम यांचा विरोध होता. पंक व न्यू वेव्ह या तत्कालीन प्रवाहांनी ते प्रभावित झाले होते. त्यांनी आपल्या गीतांचे बरेचसे ध्वनिमुद्रण घरीच केले; तालासाठी टिश्यू पेपरच्या खोक्याचाही उपयोग केला. निक्स व ख्रिस्तीन मॅकव्ही यांची गीते मात्र तुलनेने सुरेलच राहिली. त्यामुळे वीस गीतांच्या या दुहेरी अल्बममध्ये खडबडीत प्रयोगशीलता आणि परिचित माधुर्य शेजारी शेजारी आढळतात. शीर्षकगीतासाठी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संचलन वाद्यवृंदाचे वादन लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आले. अल्बमचा निर्मितिखर्च दहा लाख डॉलर्सहून अधिक झाला.

परिणाम :
‘टस्क’ ब्रिटनमध्ये प्रथम, तर अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच्या सुमारे चाळीस लाख प्रती खपल्या. एरवी हा आकडा घवघवीत यशाचा द्योतक ठरला असता. ‘रुमर्स’च्या तुलनेत मात्र तो अपयश मानला गेला. दुहेरी अल्बमची चढी किंमत हे त्याचे एक कारण सांगितले जाते. संपूर्ण अल्बम रेडिओवर वाजविला गेल्याने श्रोत्यांनी तो घरीच कॅसेटवर उतरवून घेतला, असे मिक फ्लीटवुड यांचे मत होते. १९८२ च्या ‘मिराज’मध्ये बँड पुन्हा सुरेल वळणाकडे आला आणि त्या अल्बमने अमेरिकेत अग्रस्थान मिळविले. पुढील काळात मात्र समीक्षकांनी ‘टस्क’चे पुनर्मूल्यांकन करून त्यातील धाडसाची दखल घेतली.

निष्कर्ष :
‘रुमर्स’चे यश नसते, तर एवढा खर्चिक प्रयोग करण्याची मुभा क्वचितच मिळाली असती, आणि तेच यश नसते, तर ‘टस्क’ला अपयशी कोणी म्हटलेही नसते. यावरून असे दिसून येते की, खपाचा आकडा कलाकृतीच्या गुणवत्तेपेक्षा बाजारपेठेच्या अपेक्षेविषयीच अधिक सांगतो. यशानंतरच्या निर्मितीचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे ठरते.