ट्रॅक्टरच्या मागील शाफ्टातून होणारी तेलगळती

सोयाबीनच्या मळणीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या पी. टी. ओ. शाफ्टावर कामाचा मोठा भार पडतो. मळणीयंत्रास शक्ती याच शाफ्टातून मिळते. हा शाफ्ट जेथून गिअरपेटीबाहेर येतो, तेथे तेल अडविण्यासाठी रबराचे ऑइल सील बसविलेले असते. ते निकामी झाल्यास तेल ठिबकू लागते. सेमाडोहसारख्या मेळघाटातील गावी, जेथे सुट्या भागांसाठी परतवाडा किंवा धारणी गाठावी लागते, तेथे ऐन मळणीत ट्रॅक्टर बंद पडणे परवडणारे नाही. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. ते कमी झाल्यास प्रथम लिफ्टची शक्ती घटते व पुढे गिअर आणि बेअरिंगे झिजतात.

गळती दिसताच सील बदलण्याची घाई करू नये. वरच्या हायड्रॉलिक नळीतून गळणारे तेलही ओघळून शाफ्टापर्यंत येते. म्हणून तो भाग डिझेलने धुऊन कोरडा करावा व त्यावर खडूची पूड भुरभुरावी. ट्रॅक्टर थोडा वेळ चालवून तो बंद केल्यावर पूड प्रथम कोठे भिजली ते पाहावे. त्यानंतर डिपस्टिकवर तेलाची पातळी तपासावी, कारण प्रमाणाबाहेर भरलेले तेलही सीलवाटे बाहेर पडते.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. गिअरपेटीवर हवा जाण्या-येण्यासाठी ब्रीदर असतो. तो धूळ व भुसा यांनी बुजला म्हणजे तापलेली हवा आत कोंडते आणि तिच्या दाबाने तेल चांगल्या सीलमधूनही बाहेर लोटले जाते. ब्रीदर साफ करण्यास पैसा लागत नाही. म्हणून हे काम सर्वांत आधी करावे.

सीलच खराब असल्यास इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, चाकांना दगड लावावेत व तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे. जुने सील काढताना शाफ्टावर ओरखडा पडू देऊ नये. सील ज्या जागी घासते तेथे नख फिरवून पाहावे. नख अडकेल इतकी खाच पडली असल्यास नवे सीलही टिकणार नाही. अशा वेळी शाफ्टावर पातळ बाही चढवावी किंवा शाफ्ट बदलावा. शाफ्ट हाताने वरखाली हलत असल्यास दोष बेअरिंगाचा आहे.

नवे सील त्याच मापाचे घ्यावे. त्याची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत ठेवावी. शाफ्टाच्या खाचांच्या कडांनी रबराची ओठाळी कापली जाते, यासाठी खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळावे व ओठाळीस तेल लावावे. सीलच्या बाहेरील कडेएवढ्या व्यासाचा पाइप घेऊन ते चोहोबाजूंनी सारखे ठोकून बसवावे. एका बाजूने हातोडा मारल्यास ते तिरपे बसते आणि गळती पहिल्या दिवसापासूनच सुरू होते. बाहेरून सुतळी गुंडाळणे किंवा लांबी थापणे यांचा काही उपयोग नाही.

सील वरचेवर जात असेल तर जोडशाफ्टाकडे पाहावे. मळणीयंत्र उंचसखल जागी तिरपे उभे केल्यास, किंवा जोडशाफ्टाच्या सरकत्या भागास ग्रीस न मिळाल्यास, तो ट्रॅक्टरच्या शाफ्टास आत रेटतो व बेअरिंग ढिले होते. हा शाफ्ट मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा, पदर किंवा गमछा त्यात सापडल्यास माणसास सुटण्याची संधी मिळत नाही. म्हणून काम संपताच काढलेले संरक्षक झाकण परत बसवावे, आणि ते बसविल्याखेरीज मळणी सुरू करू देऊ नये.

काढलेले खराब तेल नाल्यात ओतू नये. सेमाडोहचे नाले सिपना नदीस मिळतात, आणि त्यांचे पाणी गुरे व वन्य प्राणी दोघेही पितात. तेल बंद डब्यात साठवून परतवाड्यास सुटे भाग आणावयास जाताना जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. त्याच फेरीत आपल्या ट्रॅक्टरच्या मापाचे एक सील जादा आणून ठेवावे.