उतरवलेल्या फाइलचं नाव अंदाजाने धरू नका

समजा, नगरच्या मार्केटयार्डात तुमचं होलसेलचं दुकान आहे. पुरवठादाराचं रेटकार्ड रोज सकाळी स्क्रिप्ट उतरवते आणि बिलिंगला देते. त्याच नावाची फाइल पुन्हा आली, की डब्ल्यूगेट जुनी तशीच ठेवतो आणि नवीच्या शेवटी 'डॉट 1' जोडतो. स्क्रिप्ट उचलते जुनीच. म्हणजे आजचा माल कालच्या भावात गेला!

'फोल्डरमधली सगळ्यात ताजी फाइल घ्या' हा जुगाडही धोक्याचा. डब्ल्यूगेट फाइलवर सहसा सर्व्हरकडची तारीख टाकतो, तुमच्या डाउनलोडची नाही.

नाव पक्कं लिहून ठेवावं, तर आपल्या जिल्ह्याचंच बघा ना. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. फाइलच्या नावात जिल्हा असेल, तर जुनं नाव धरून बसलेली स्क्रिप्ट अडलीच.

त्यापेक्षा सरळ विचारा, बाबा, कुठल्या नावाने ठेवलीस? कर्लला मोठा ओ आणि मोठा जे द्या, म्हणजे सर्व्हरने सुचवलेलं नाव तो घेतो. सोबत छोट्या डब्ल्यूपुढे, टक्का चिन्ह लावून महिरपी कंसात 'फाइलनेम अंडरस्कोर इफेक्टिव्ह' लिहा. सेव्ह झालेलं खरं नाव छापून येतं. ते व्हेरिएबलमध्ये पकडा. वापरताना व्हेरिएबल दुहेरी अवतरणात हवं, कारण लोक फाइलच्या नावात स्पेस टाकतातच.

छोटा एफही लावा, नाहीतर 'पान सापडलं नाही' हा निरोपच रेटकार्ड म्हणून सेव्ह होईल. आणि मोठ्या जेसोबत कर्ल आधीच्या फाइलवर लिहायला नकार देतो, म्हणून रोज तारखेचं नवं फोल्डर करा.