ब्रह्मचारी (१९३८ चा चित्रपट)

ब्रह्मचारी हा इ.स. १९३८ साली प्रदर्शित झालेला मराठी विनोदी बोलपट आहे. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने तो मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, तर कथा, संवाद व गीते प्रल्हाद केशव अत्रे यांची आहेत. छायालेखन पांडुरंग नाईक यांनी केले असून संगीत दादा चांदेकर यांचे आहे.

पार्श्वभूमी

'अयोध्येचा राजा' (१९३२) पासून मराठी बोलपट प्रामुख्याने पौराणिक व ऐतिहासिक कथांवर उभा होता. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्स स्थापन करून समकालीन मध्यमवर्गीय जीवनाकडे मोर्चा वळवला. संस्थेच्या 'छाया' (१९३६) या चित्रपटाची कथा वि. स. खांडेकरांची होती. अत्रे 'धर्मवीर' (१९३७) पासून संस्थेसाठी लिहू लागले. त्याआधी 'साष्टांग नमस्कार' व 'लग्नाची बेडी' या नाटकांतून त्यांनी समाजातील खुळांची आणि विवाहसंस्थेची थट्टा केलेली होती. 'ब्रह्मचारी'चे बीज त्याच विनोदात आहे.

कथानक

औदुंबर (मास्टर विनायक) हा सामान्य तरुण देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्य व राष्ट्रसेवा यांवरील व्याख्यान ऐकून भारावतो. जमवलेली सिनेतारकांची चित्रे तो फेकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि आचार्य चंडीराम यांच्या संस्थेत दाखल होतो. दत्तसंप्रदायात पूज्य असलेल्या वृक्षाचे नाव या नायकाला मिळावे, हाही विनोदाचाच भाग म्हणता येईल. पुढे किशोरी (मीनाक्षी) त्याच्या आयुष्यात येते आणि त्याचा निश्चय ढासळतो.

अत्र्यांचा रोख संयमावर नाही. लग्न टाळले की राष्ट्रकार्य आपोआप घडते, अशा समजुतीवर आणि ती पसरवणाऱ्या व्याख्यानबाजीवर आहे. जटाशंकर, चंडीराम ही भारदस्त नावेच त्या ढोंगाची खूण पटवतात.

पोहण्याचा प्रसंग

पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षीवर चित्रित झालेले 'यमुनाजळी' हे गीत या चित्रपटाचे सर्वांत गाजलेले अंग होय. ते मीनाक्षी यांनी स्वतःच गायिले. त्या काळी मराठी पडद्यावर असे दृश्य धाडसाचे होते आणि त्यावर टीकाही झाली. मात्र केवळ पोशाखाचीच चर्चा करणाऱ्यांच्या नजरेतून प्रसंगाचे कथेतील स्थान निसटते. व्रत मोडण्याचा क्षण हाच आहे, आणि गीतात कन्हैयाची जलक्रीडा आहे. गौळणींतून पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली शृंगाराची भाषा आधुनिक तरुणीच्या मुखी घालून अत्र्यांनी ब्रह्मचर्याच्या उपदेशकांना परंपरेनेच उत्तर दिले आहे.

कलावंत

मीनाक्षी शिरोडकर (मूळ नाव रतन पेडणेकर) यांचा हा पहिलाच चित्रपट होता. विष्णुपंत जोग, दामुअण्णा मालवणकर, साळवी व जावडेकर यांच्याही भूमिका आहेत.

नंतरचा काळ

चित्रपटाला मोठे यश मिळाले. विनायक व अत्रे यांनी त्यानंतर 'ब्रँडीची बाटली' (१९३९) आणि 'अर्धांगी' (१९४०) हे विनोदी चित्रपट केले. 'ब्रह्मचारी' पुढे नाटकरूपाने रंगभूमीवरही आले. त्यात प्रशांत दामले व वर्षा उसगांवकर यांनी भूमिका केल्या.